माहेरचं नाव

माझी भाची पुण्याला एका मोठ्या संस्थेत आहे. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे उतरलो होतो, तेव्हा म्हणाली, "मामा, चला, तुम्हाला माझं दुकान दाखवते." दुकान म्हणजे एक थंडगार खोली. चपला बाहेर काढायच्या, आणि आत टेबलावर लोखंडी पेटीएवढं एक यंत्र. त्याचं नाव फ्लो सायटोमीटर. त्यात थोडं रक्त सोडलं की रक्तातल्या पेशी एकामागं एक, रेशनच्या रांगेतल्या माणसांसारख्या, एका किरणापुढून जातात. पुढून जाताना प्रत्येक पेशी जराशी चमकते, आणि त्या चमकेवरून यंत्र ओळखतं की ही कोणत्या जातीची, केवढी, आत काय भरलेलं. मी घड्याळ लावून पाहत होतो. चहा निवायच्या आत त्या यंत्रानं जेवढ्या पेशी मोजल्या, तेवढ्या मोजायला मला एक उन्हाळा लागला असता.

"यंत्र एक आणि मागणारे वीस, मामा," भाची सांगत होती. "सगळ्या संस्थांचं मिळून आहे. ह्याचं आधी की त्याचं आधी, रोज भांडणं. मी नुसती पंच."

मी म्हणालो, "अगं, मी दुसरं काय केलं जन्मभर?"

मग सहज विचारलं, "हे आता रक्त चाललंय ते कुणाचं?"

"ते आम्हाला सांगतच नाहीत. नुसता नंबर येतो. नियमच आहे तसा."

चांगला नियम आहे. खरंच चांगला आहे. मी मान हलवली आणि तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला 'तुमच्या लॅबमधल्या गमती लिहा' असं सांगितलंय. गमती आहेत, नाहीत असं नाही. एकदोन सांगतोही. पण मला जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, आणि पन्नासएक वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

आमची लॅब नगरला होती. सत्तर सालच्या आसपास शहरात खाजगी डॉक्टर बरेच झाले होते, पण चांगला सूक्ष्मदर्शक कुणा एकाला परवडायचा नाही. तेव्हा सहा डॉक्टरांनी मिळून एक जर्मन सूक्ष्मदर्शक आणला, एका बोळात दोन खोल्या घेतल्या आणि मला तिथं बसवलं. मी एका मोठ्या दवाखान्यात काचा धुण्यापासून हे काम शिकलेलो. सहा डॉक्टरांत वडीलधारे म्हणजे भालेराव डॉक्टर. लॅबची कल्पना त्यांची, किल्लीही त्यांची. बाकीचे पाच एकमेकांशी हसून बोलायचे आणि एकमेकांचे पेशंट मोजायचे. सहा जावा एका चुलीवर, असा तो संसार. सकाळी माझ्या टेबलावर कुणाची बाटली पहिली लागली, ह्यावरूनसुद्धा रुसवेफुगवे होत.

बाटली म्हणजे पेनिसिलीनच्या इंजेक्शनची रिकामी बाटली. ती धुवायची, उकळायची, तळाशी रक्त न गोठण्याचं औषध सुकवायचं आणि रबरी बूच लावून डॉक्टरांना द्यायची. त्यात रक्त भरून यायचं. शहरातलं कंपाउंडर आणून देत, तालुक्यांतलं एसटीनं येई. कंडक्टरच्या खिशात बाटली, बाटलीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: नाव, वय, गाव, काय होतंय. दुपारच्या गाडीनं आलेल्या रक्ताचा रिपोर्ट साडेचारच्या गाडीनं परत. रिकामी बाटली परत करायची हाही नियमच होता, कारण बाटल्या कायम कमी पडत. सांगायचं काय, की आमच्याकडं माणूस येतच नसे. त्याची बाटली येई.

मोजायचं कसं ते सांगतो. एका बारीक काचेच्या नळीत रक्त तोंडानं ओढायचं. हो, तोंडानं. जरा जास्त ओढलं की खारट चव. पुष्कळांच्या रक्ताची चव मला ठाऊक आहे, ह्यावर नातवंडं अजून 'ईऽऽ' करतात. मग ते पातळ करून, चौकटी आखलेल्या काचेवर टाकून, कोपऱ्यांतल्या चौकटींत पांढऱ्या पेशी किती ते मोजायचं. हे झालं एकूण. त्यांत कोणत्या जातीच्या किती, ते दुसरं काम. त्यासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढायचा, रंगवायचा, आणि डोळा भिंगावरून न हलवता शंभर पेशी पाहायच्या. पांढऱ्या पेशींच्या जाती पाच. मोठ्या दवाखान्यांत त्या मोजायला बटणांचं यंत्र असे. माझ्याकडं होते चिंचोके. उजवीकडं वाटीत शंभर चिंचोके आणि पाच खणांचा मिसळणाचा डबा. पेशी दिसली की चिंचोका तिच्या जातीच्या खणात. वाटी रिकामी झाली की शंभर पेशी झाल्या. बाहेरून आलेले डॉक्टर हसायचे. मी म्हणायचो, "साहेब, तुमच्या यंत्राचं बटण अडकतं. माझा चिंचोका कधी अडकलाय का?"

आता ती गंमत, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं.

आडतबाजारातले एक शेठ होते. पोटाचा विकार, आणि डॉक्टर नावाच्या प्राण्यावर काडीचा विश्वास नाही. एका आठवड्यात मला तीन बाटल्या आल्या. तीन वेगळ्या डॉक्टरांकडून, तीन वेगळी नावं. तिन्हींत तांबड्या दाण्यांच्या पेशी एवढ्या बेसुमार, की एका वेळी एका शहरात तशी तीन माणसं असणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या बाटलीला मी ओळखलं की बाबा एकच आहे आणि तो आमची परीक्षा घेतोय. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले होते, म्हणून मला भलताच अभिमान झाला. वय सव्वीस. तिसऱ्या डॉक्टरांचा कंपाउंडर रिपोर्ट न्यायला आला, त्याला मी फुशारकीनं सांगितलं, "तुमच्या साहेबांना सांग, हा पेशंट आणखी दोघांकडं जाऊन आलाय. नाव बदलून!"

झालं. ते डॉक्टर शेठवर उखडले, शेठ त्यांच्या दवाखान्यात आरडाओरडा करून गेले, उरलेल्या दोन डॉक्टरांना आपला पेशंट दुसरीकडं जातो हे चारचौघांत कळलं. एकानं लॅबमधून अंग काढून घेतो म्हणून निरोप धाडला. भालेराव डॉक्टरांनी मला घरी बोलावलं. ते कधी आवाज चढवत नसत, त्याही दिवशी चढवला नाही.

"ढवळे, ही लॅब सहा जणांच्या विश्वासावर चालते. ज्याची बाटली, त्याचा रिपोर्ट. एकाच्या पेशंटचं दुसऱ्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही. तुम्ही मोजणारे. बोलणारे आम्ही. पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

हा नियम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून सूक्ष्मदर्शकाच्या वर टांगला. मी कानाला खडा लावला. घरी नुकतीच मुलगी झाली होती.

मग आला दुष्काळ. बहात्तरचा पाऊस आलाच नाही, आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या बोळात दिवसाआड दोन घागरी पाणी. काच रंगवायला शुद्ध पाणी लागतं, साध्या नळाच्या पाण्यानं पेशी मळक्या दिसतात. मी गॅरेजवाल्याकडून मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी मागून आणी. एका बाटलीत चार दिवस काढायचे. जिल्हाभर खडीची, तलावाची कामं निघालेली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांमध्ये एकच मजकूर: ताप, जुलाब, अशक्तपणा. रक्त इतकं पातळ, की काचेवर गुलाबी पाण्यासारखं पसरे. तो उन्हाळा मी भिंगातून पाहिला म्हणून मला जास्त कळला असं नाही म्हणणार. पण बाहेर डोळे मिटून घेता येत होते, आत ते जमत नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला काष्टीकडच्या एका डॉक्टरांची बाटली आली. चिठ्ठीत लिहिलं होतं: हौसाबाई, वय एकोणीस, बारा दिवस ताप, टायफॉईड वाटतो. एकूण पेशी जरा कमी आल्या, तीन हजार आठशे. पाचेक हजारांपुढं असाव्यात, पण टायफॉईडमध्ये कमी होतातच. मग रंगवलेली काच भिंगाखाली घेतली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

पाचांतली जी जात रक्तात सगळ्यांत जास्त, तिच्या पेशीचं केंद्र एरवी तीनचार गाठींचं असतं, वेडंवाकडं. हिच्या त्या जातीच्या प्रत्येक पेशीत नुसत्या दोन गोल गाठी आणि मध्ये बारीक तार. नाकावरचा चष्माच. एक पाहिली, दोन पाहिल्या. वाटी रिकामी झाली तरी तेच. जिकडं तिकडं चष्मे! पुस्तक काढलं. त्यात ते होतं, एक लांबलचक परदेशी नाव होतं आणि खाली खुलासा होता की हे जन्मतः असतं, आईबापांकडून येतं, फार विरळा, आणि त्यानं माणसाला काही म्हणजे काही होत नाही. मी भालेराव डॉक्टरांना बोलावलं. एवढं वय झालेलं, पण त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. बाकीचे डॉक्टरही आले. त्या दिवशी सहा जण त्या एका भिंगापाशी आळीपाळीनं वाकले आणि कुणी कुणाशी भांडलं नाही.

"ढवळे," भालेराव डॉक्टर म्हणाले, "ही काच जपून ठेवा. दुसऱ्या कुणी ह्याला गंभीर आजार ठरवून पोरीला घाबरवून सोडलं असतं."

मी रिपोर्टवर लिहिलं: 'पेशींचा आकार जन्मजात आहे, घाबरू नये.' काष्टीच्या डॉक्टरांनी टायफॉईडवरच्या कॅप्सूल सुरू केल्या. त्या काळी त्या रामबाण. हजारो लोक त्यांनी वाचले आहेत, मीही एकदा घेतल्या आहेत. फक्त क्वचित एखाद्याच्या हाडांतलं रक्त तयार करण्याचं कामच त्या बंद पाडतात. म्हणून मधूनमधून रक्त मोजून पाहायचं, आणि पेशी घसरायला लागल्या की ताबडतोब थांबवायचं. एक आकडा पाहून हे कळत नाही. दोन लागतात, आधीचा आणि नंतरचा. आमच्या धंद्यातली सगळी अक्कल ह्या दोन आकड्यांत आहे.

महिन्याभरानं, एका मंगळवारी, पाथर्डीकडच्या एका खेड्यातल्या डॉक्टरांची बाटली आली. चिठ्ठीत: सुमन, वय वीस, पाच दिवस ताप, घसा फार दुखतो, खडीच्या कामावर आहे. आडनाव वेगळं. एकूण पेशी एकोणीसशे. काच रंगवली, भिंगाखाली घेतली.

चष्मे.

लिहायला बसलो म्हणून आता काहीतरी रंगवून सांगतो असं नाही. मला त्याच क्षणी कळलं. माझी स्वतःची बायको माहेरी चंद्रा आणि आमच्याकडं शोभा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाई त्या नावाला 'ओ' द्यायला लागते. लेक आजारी पडली की सासरचे माहेरी आणून सोडतात, उठून बसली की न्यायला येतात, हेही आपल्याकडं कुणाला सांगायला नको. काष्टी माहेर, पाथर्डी सासर. तरी मी जपून ठेवलेली काच काढली आणि दोन्ही आलटून पालटून पाहिल्या. बहीण असू शकेल, असं मी स्वतःला म्हटलं. म्हणायला काय जातं! दारूगोळ्यासारखी गोष्ट हातात होती. आधीचा आकडा काष्टीकडं, नंतरचा पाथर्डीकडं, आणि दोन्ही माहीत असलेला जगात मी एकटा.

वर पुठ्ठा टांगलेला. ज्याची बाटली, त्याचा रिपोर्ट.

भालेराव डॉक्टर नात्यातल्या लग्नाला सोलापूरला गेले होते, गुरुवारी यायचे होते. दारात कंडक्टर उभा. "चला साहेब, गाडी सुटंल." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तसा मी फुंकत बसलो. रिपोर्टवर आकडा लिहिला. खाली लिहिलं: 'पेशी बऱ्याच कमी आहेत. पुन्हा तपासणी करावी.' 'हिला आधी औषध झालं आहे का विचारा' एवढी एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं. त्यात कुणाचा पेशंट कुणाकडं गेला हे कुठं येत होतं? पण ते मला आज सुचतंय. तेव्हा मी कागदाची घडी घातली आणि कंडक्टरच्या हातात दिली.

गुरुवारी भालेराव डॉक्टर आले. मी दोन्ही काचा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ते उभे होते, ते खाली बसले.

"टायफॉईड म्हणून पाथर्डीकडच्या डॉक्टरनंही पुन्हा त्याच कॅप्सूल दिल्या असतील. अहो, मग बोलला का नाहीत?"

"नियम तुमचा होता, साहेब."

"नियम माझा होता," ते म्हणाले. "डोळे तुमचे होते."

त्यांनी पोस्टात जाऊन फोन लावला. त्या गावात फोन नव्हता, शेजारच्या गावात निरोप ठेवला. सुमनचे डॉक्टर दुष्काळी कामावरच्या लोकांना पाहायला गेलेले, त्यांना चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. त्या भल्या माणसानं मग वेळ घालवला नाही. औषध बंद केलं आणि पोरीला जीपमध्ये घालून नगरला पाठवलं. भालेराव डॉक्टरांनी तिला स्वतःच्या दवाखान्यात घेतलं.

शनिवारी सकाळी लॅबच्या पायरीवर एक माणूस बसलेला. पन्नाशीचा, अंगात बंडी, डोक्याला मळका पटका, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत पेनिसिलीनची बाटली. अंड्याला धरावं तशी. भालेराव डॉक्टरांनी पाठवलं म्हणाला. माझ्या लॅबमध्ये बाटलीबरोबर माणूस यायची ती पहिलीच वेळ. चिठ्ठीवर 'सुमन'.

"तुम्ही तिचे कोण?" मी विचारलं. कळत असून विचारलं.

"बाप. काष्टीकडचा. आमची हौसाच की ती. सुमन सासरचं नाव हाय." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "तुमी वळखत असाल तिला. मागं तिचं रगत हितंच आल्तं. डाक्टर म्हनले, तुज्या पोरीच्या रगतात चष्मे हायेत, नगरला येक रगत वळखनारा मानूस हाय, त्यानं हुडकलं. म्हनून म्हनलं मीच घिऊन जातो बाटली. वळखीच्या मानसाकडं."

मी त्याला आत घेतलं आणि बाकड्यावर बसवलं. रक्त ओढलं, मोजलं. चार कोपऱ्यांत मिळून आठ पेशी. म्हणजे चारशे. काच रंगवेपर्यंत तो बोलत होता. माणसं भ्यालेली असली की बोलतात.

"ताप उतारला तसा जावई न्यायला आला. म्हनला, हजेरीवरनं नाव कमी हुईल. पोर म्हनली, जाते दादा. पंधरा दिस खडी फोडली तिनं. पुन्ना पडली."

"तिथल्या डॉक्टरांना मागचं औषध सांगितलं नाही?"

"कसं सांगंल? सासू म्हनली, माहेरचं दुखनं हितं काडायचं न्हाई. मुकादमाला कळलं की आजारी बाई म्हनून काडून टाकंल."

मी भिंगाला डोळा लावला. चिंचोके उचलायला लागलो. दुसऱ्याच एका जातीचे चाळीसेक झाले आणि पुढं पेशीच मिळेनात. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. दुसरी काच केली, तीही फिरवली. चष्मा एकही नाही. जंतूंशी लढतात त्या नेमक्या ह्याच, चष्म्यांच्या जातीच्या पेशी. वाटीत अर्ध्याहून जास्त चिंचोके तसेच उरले. इतक्या वर्षांत वाटी रिकामी झाली नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं.

तिला रक्त द्यायचं ठरलं होतं, म्हणून बापाचंही घेतलं. गट जुळला. त्याच्या थेंबाची काच मी उगीचच रंगवून पाहिली. चष्म्यांनी खच्चून भरलेली.

"हायेत का माज्यात बी?" त्यानं विचारलं.

"आहेत."

"मंग माजंच गेलंय तिच्यात," म्हणाला. त्याला ते बरं वाटलं.

हौसा मंगळवारी गेली. घशातलं दुखणं सगळ्या अंगात पसरलं, आणि ते थोपवायला तिच्या रक्तात कुणी उरलेलं नव्हतं. मी तिला पाहिलंच नाही. दवाखाना लॅबपासून पाच मिनिटांवर. शनिवार ते मंगळवार, मी गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

भालेराव डॉक्टरांनी पुठ्ठा काढून टाकला. पुढल्या महिन्यात आम्ही चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्यांत मी एक ओळ घालायला लावली: 'विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव व गाव.' डॉक्टर लोक कुरकुरले. एकजण म्हणाले, "काय ढवळे, सोयरीक जमवायचीय का?" मी म्हटलं, ओळ रिकामी असेल तर मी बाटलीला हात लावणार नाही. नोकरी जाईल तर जाईल, ह्याची तेव्हा मला भीती वाटली नाही. ती भीती महिन्याभरापूर्वी गेली असती तर उपयोग होता. पुढं तीस वर्षं ती ओळ आमच्या कागदावर राहिली, आणि माझ्या वहीत प्रत्येक बाईची दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. त्या ओळीनं नंतर काहीजणी वाचल्या, असं भालेराव डॉक्टर मला मुद्दाम सांगायचे. त्यांचा हेतू मला समजायचा.

एक राहिलं.

तेरावा झाल्यावर हौसाचा बाप पुन्हा आला. मी दारात त्याला पाहिलं आणि वाटलं, आता हा माझ्या कानाखाली काढणार. काढली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो. त्यानं बंडीच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. सोडली, तर आत पेनिसिलीनची बाटली, लख्ख. दवाखान्यात राहिलेली.

"बाटली म्हागारी द्यायची असतीया म्हनले. राखंनं घासून आनलीय. पानी लई न्हाई लागलं. दुसऱ्या कुनाला हुईल."

मी बाटली घेतली. तो बाकड्यावर टेकला. म्हणाला, "तुमच्या वहीत तिचं नाव हाय न्हवं? मला वाचता येत न्हाई. दावा की."

मी वही उघडली. एका पानावर हौसाबाईवर बोट ठेवलं. मग पानं उलटली आणि सुमनवर ठेवलं. त्यानं दोन्ही ओळींवरून अंगठा फिरवला. पानं मागं केली, पुढं केली. खेडूत माणूस, पण मोजमाप कळणारा.

मग त्यानं विचारलं, "भाऊ, हे दुसरं रगत आलं तवा तुमास्नी कळलं हुतं का, ही आमचीच पोर हाय म्हनून?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं मान हलवली. उठला, जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मंग तुमचा काय दोस, भाऊ? नाव येगळं हुतं. कुनाला कसं वळखू येनार?"